कोऱ्या चिपवर आवाज लिहिताना

२० ऑक्टोबर २०२० रोजी जपानच्या मियाझाकी प्रांतातल्या नोबेओका शहरात एका सेमीकंडक्टर कारखान्याला आग लागली. कारखाना असाही कासेई मायक्रोडिव्हाइसेस या कंपनीचा; ऑडिओच्या धंद्यात तिला सगळे ‘एकेएम’ म्हणून ओळखतात. आग पुरती विझायला तीन दिवसांहून अधिक काळ लागला. त्यानंतर जगभरातल्या कितीतरी ऑडिओ यंत्रांच्या पोटात बसणारी डॅक चिप, म्हणजे साठवलेल्या आकड्यांचं पुन्हा विजेच्या लहरीत रूपांतर करणारी चिप, बाजारात मिळेनाशी झाली. दलालांकडे शिल्लक होती ती कित्येक पट भावाने विकली जाऊ लागली.

पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत तेव्हा स्टुडिओसाठी लागणारं असंच एक यंत्र तयार होत होतं. सर्किट बोर्डाचा आराखडा त्याच चिपभोवती आखलेला, पत्र्याच्या पेट्यांची ऑर्डर गेलेली. पर्यायी चिप घ्यायची तर पिना वेगळ्या, व्होल्टेज वेगळं, म्हणजे बोर्ड पहिल्यापासून काढणं आलं. ज्या अभियंतीची ही गोष्ट आहे, ती या कंपनीत येण्याआधी बरीच वर्षं टेलिकॉममध्ये एफपीजीएवर काम करत होती. बैठकीत तिने एकच प्रश्न विचारला : बोर्ड नाहीतरी नव्याने काढायचाच आहे, तर मग डॅक दुसऱ्याची कशाला घ्यायची? आपणच लिहू.

‘लिहू’ हे क्रियापद तिच्या पेशात अगदी नेमकं आहे. एफपीजीए ही कारखान्यातून कोरी येणारी चिप. आत हजारो लहान लहान लॉजिक ब्लॉक आणि त्यांना हवं तसं जोडता येईल असं तारांचं जाळं असतं. कोणाला कशाशी जोडायचं हे वापरणाऱ्याने ठरवायचं. झायलिंक्स या अमेरिकन कंपनीने १९८५ साली बाजारात आणलेल्या पहिल्या एफपीजीएमध्ये, एक्ससी २०६४ मध्ये, असे ६४ ब्लॉक होते. तिने निवडलेली आर्टिक्स-७ मालिकेतली ३५टी ही त्याच घराण्यातली, आणि आजच्या मानाने छोटीच. तरी तिच्यात ३३,२८० लॉजिक सेल आणि ९० तयार गुणाकार-यंत्रं आहेत. वीज चालू केली की ही चिप शेजारच्या फ्लॅश मेमरीतून आपला आराखडा वाचते आणि त्या क्षणी ते सर्किट होते. वीज गेली की सगळं विसरते.

प्रोसेसरपेक्षा यात वेगळं काय, हे तिला नव्या मुलांना नेहमी समजावून सांगावं लागतं. त्यासाठी ती पंगतीचं उदाहरण देते. प्रोसेसर म्हणजे एकटा वाढपी : मीठ वाढून परत येणार, मग कोशिंबीर, मग वरण, मग भात. एफपीजीएमध्ये प्रत्येक पदार्थाला स्वतंत्र वाढपी असतो, आणि सगळे एकामागोमाग पंगतीतून चालत असतात. कोणीच फार धावत नाही, पण पानं भराभर वाढून होतात. ऑडिओला हे चालणं मानवतं, कारण आवाजाचे नमुने ठरल्या वेळी येतात आणि ठरल्या वेळीच बाहेर पडावे लागतात. मध्ये दुसरं काम निघालं म्हणून थांबायची सोय नाही.

डॅकची कामं तीन. दोन नमुन्यांमधली रिकामी जागा गणिताने भरायची. मग बिटांची संख्या कमी करायची, पण ती करताना होणारी खरखर ऐकू येणाऱ्या पट्ट्याबाहेर ढकलायची. आणि शेवटी आकड्याचं व्होल्टेज करायचं. तयार चिपमध्ये ही तिन्ही कामं तिच्या निर्मात्याने करून ठेवलेली असतात. विकत घेणाऱ्याच्या हाती फार तर चार-सहा फिल्टरांमधून निवडायचा अधिकार. एफपीजीए घेतली की पहिली दोन कामं पूर्णपणे आपल्या हातात येतात आणि तिसऱ्याचा आराखडा आपल्याला काढावा लागतो. स्वातंत्र्य मोठं आहे. पण काही बिघडलं तर डाटाशीटकडे बोट दाखवता येत नाही.

पहिलं काम फिल्टरचं. सीडीवर दर सेकंदाला ४४,१०० नमुने असतात. दोन नमुन्यांमधलं अंतर सुमारे २२.७ मायक्रोसेकंद. मूळ लहर ठरावीक वारंवारितेच्या आत असेल तर या तुटक नमुन्यांमधून ती जशीच्या तशी परत मिळवता येते, हे क्लॉड शॅननने १९४९ च्या शोधनिबंधात मांडलं. अडचण एवढीच की ते तंतोतंत करायला अनंत लांबीचा फिल्टर लागतो. अनंत कोणालाच परवडत नाही, तेव्हा प्रत्येक अभियंत्याला तो कुठेतरी कापावा लागतो. या लांबीचं माप म्हणजे ‘टॅप’. तयार चिपांमधले फिल्टर साधारण काही शे टॅपांवर थांबतात.

ब्रिटनमधले रॉब वॉट्स यांनी या कापण्यालाच हरकत घेतली. केंट परगण्यात मेडवे नदीच्या काठी, ईस्ट फार्लीच्या जुन्या पंपहाऊसमध्ये कॉर्ड इलेक्ट्रॉनिक्स ही कंपनी आहे. तिच्या डॅकचं डिजिटल डिझाइन वॉट्स यांचं. हातात मावणाऱ्या ‘ह्युगो’मध्ये, २०१४ साली, त्यांनी २६,३६८ टॅपांचा फिल्टर झायलिंक्सच्या स्पार्टन-६ एफपीजीएमध्ये बसवला. पुढच्या वर्षी खिशात मावणारा ‘मोजो’ आला, तो आर्टिक्स-७ वर. ‘ह्युगो २’मध्ये टॅप ४९,१५२ झाले, ‘डेव्ह’मध्ये १ लाख ६४ हजार, आणि २०१८ च्या ‘एम स्केलर’मध्ये १०,१५,८०८. वॉट्स यांचं म्हणणं असं की तबकडीवर नसलेलं काही हा फिल्टर निर्माण करत नाही. सूर नेमका केव्हा सुरू झाला याची वेळ तो जास्त अचूक परत मिळवतो, आणि वेळेतला फार सूक्ष्म फरक कानाला कळतो. एवढ्या लांब फिल्टरची किंमतही उघड आहे : आवाज अर्ध्या सेकंदाहून अधिक उशिरा बाहेर पडतो, त्यामुळे त्या यंत्रात चित्रपट पाहण्यासाठी वेगळी सोय ठेवावी लागली.

दहा लाखांचा आकडा गाठायचा पुण्यातल्या अभियंतीचा मुळीच विचार नव्हता. तिने कागदावर हिशेब मांडला. १,०२४ टॅप, नमुन्यांचा दर आठपट. म्हणजे दर सेकंदाला ३,५२,८०० नवे नमुने काढायचे. फिल्टरची मांडणी नीट केली तर प्रत्येक नमुन्याला १,०२४ नव्हे, त्याच्या एक अष्टमांश, १२८ गुणाकार पुरतात. एका चॅनेलला सेकंदाला साडेचार कोटी गुणाकार, दोन्ही मिळून नऊ कोटी. १०० मेगाहर्ट्झवर चालणारं एक गुणाकार-यंत्र सेकंदाला दहा कोटी गुणाकार करतं. नव्वदांपैकी एकच यंत्र पुरेल! फिल्टर म्हणजे चिपवरचा मोठा भार असं तिच्या टीममध्ये सगळे धरून चालले होते. तो भार हिशेबात असा वितळला.

मेख दुसरीकडे होती. या यंत्राच्या गुणाकाराची रुंदी २५ बिट गुणिले १८ बिट. २४ बिटांचा आवाज पहिल्या बाजूला आरामात बसतो, पण फिल्टरचे गुणक १८ बिटांत कोंबले की नको असलेल्या वारंवारिता दाबण्याचं काम शंभर डेसिबलच्या आसपास येऊन अडतं. तिला त्याच्या बरंच खाली जायचं होतं. उपाय जुना आहे आणि कष्टाचा आहे : प्रत्येक गुणकाचे दोन तुकडे करायचे, वरच्या आणि खालच्या बिटांचे गुणाकार दोन वेगळ्या यंत्रांत करायचे, आणि खालचा योग्य तेवढा सरकवून बेरजेत मिळवायचा. बेरीज कुठे गोल करायची, किती बिट राखायचे, याचे निर्णय एकेक करून घ्यावे लागले. पायथनमध्ये लिहिलेलं मॉडेल आणि व्हेरिलॉग या सर्किट लिहायच्या भाषेतलं सर्किट यांची उत्तरं शेवटच्या बिटापर्यंत जुळल्याशिवाय पुढे जायचं नाही, असा तिचा शिरस्ता होता. टेलिकॉममधून आणलेली ही शिस्त तिला ऑडिओत फार उपयोगी पडली. कानाला चुका ऐकू येतात, पण चूक कुठल्या ओळीत आहे ते कान सांगत नाहीत.

मग टायमिंगचं काम. १०० मेगाहर्ट्झ म्हणजे एका ठोक्याला १० नॅनोसेकंद. तेवढ्या वेळात सिग्नल एका रजिस्टरमधून निघून, मधलं गणित पार करून पुढच्या रजिस्टरमध्ये पोहोचला पाहिजे. नाही पोहोचला तर टूल अहवालात उणे आकडा दाखवतं. तो उणे आकडा घालवायला कधी मध्ये एक रजिस्टर वाढवायचं, कधी बेरजेची झाडासारखी फांद्या फुटत जाणारी रचना करायची. नवख्याला हे कंटाळवाणं वाटतं. तिला मात्र या कामात फार समाधान मिळतं, कारण इथे युक्तिवाद चालत नाही. सिग्नल वेळेत पोहोचतो किंवा पोहोचत नाही.

दुसरं काम, बिट कमी करण्याचं, हे खरं डॅकचं मर्म आहे. ते का करावं लागतं हे आकड्यांतच पाहावं. सीडी प्लेअरमधून साधारण २ व्होल्ट आरएमएस सिग्नल बाहेर येतो, म्हणजे वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत सुमारे ५.७ व्होल्ट. त्याचे २४ बिटांनी तुकडे केले तर एक पायरी येते जेमतेम एक तृतीयांश मायक्रोव्होल्टची. साध्या १ किलोओहमच्या रेझिस्टरमध्ये खोलीच्या तापमानाला, श्रवणीय पट्ट्यात, सुमारे अर्धा मायक्रोव्होल्ट खरखर आपोआप असते. रेझिस्टर ०.०१ टक्का अचूकतेचे, म्हणजे महागातले, घेतले तरी ती दहा हजारांत एकाची अचूकता. इथे लागते एक कोटी सदुसष्ट लाखांत एकाची. थोडक्यात, २४ बिटांच्या सगळ्या पायऱ्या रेझिस्टरांनी सरळ बांधणं भौतिकशास्त्रालाच मान्य नाही.

म्हणून बिट कमी आणि वेग जास्त. प्रत्येक वेळी जेवढा आकडा कापला गेला, तेवढी चूक पुढच्या हिशेबात परत घालायची. त्यामुळे खरखर नाहीशी होत नाही, पण कानापलीकडच्या वारंवारितांकडे सरकते. फिलिप्सने १९८२ मधल्या आपल्या पहिल्या सीडी प्लेअरमध्ये १४ बिटांची टीडीए १५४० चिप वापरून १६ बिटांचं काम याच तत्त्वाने करून घेतलं होतं. केंब्रिजच्या डीसीएस या कंपनीने हीच दिशा पुढे नेली. १९८७ साली स्थापन झालेली ही कंपनी सुरुवातीला रडारसाठी लागणारी कन्व्हर्टर यंत्रणा बनवत असे. तिच्या ‘रिंग डॅक’मध्ये जवळपास पाचच बिट असतात आणि सगळे रेझिस्टर सारख्याच रोधाचे. कोणत्या क्षणी कोणते रेझिस्टर वापरायचे याची अदलाबदल एफपीजीए सतत करत राहते. रेझिस्टरांमधला बारीक फरक मग एकाच जागी साठून विकृती होत नाही, तो विखरून हलकी, समान खरखर होतो.

पुण्यातल्या बोर्डावरही तिने सारख्या रोधाच्या रेझिस्टरांची रांग आणि अदलाबदलीचं सर्किट घेतलं. पहिल्यांदा हेडफोन लावला तेव्हा गाणं छान वाजलं. गाणं थांबवल्यावर मात्र एक अगदी बारीक शिटी ऐकू येऊ लागली. डीसी पातळी किंचित बदलली की शिटीचा स्वर बदलायचा. चूक परत घालण्याच्या या पद्धतीचा, म्हणजे सिग्मा-डेल्टाचा, हा पुस्तकांत नोंदलेला स्वभाव आहे : आत शून्य किंवा स्थिर आकडा येत राहिला की चूक परत घालणारं चक्र एकाच चालीत फिरू लागतं, आणि त्या चालीचा सूर होतो. त्याला मोडायचं तर चक्रात मुद्दाम थोडी यादृच्छिक खरखर मिसळावी लागते, तिला डिदर म्हणतात. डिदर योग्य प्रमाणात घातल्यावर शिटी गेली. मापनयंत्रावर खरखरीची रेषा किंचित वर सरकली आणि शांतता खऱ्या अर्थाने शांत झाली. आकडा थोडा वाईट आणि आवाज स्पष्टपणे चांगला, असा सौदा तिने तिथे बिनदिक्कत केला, आणि तो बरोबर होता.

तिसरं काम तिचं एकटीचं नव्हतं. कंपनीत एक निवृत्तीला आलेले ॲनालॉग अभियंते होते. सगळे त्यांना नुसतं ‘सर’ म्हणत. तिने पहिल्या आराखड्यात एफपीजीएच्या पिना थेट रेझिस्टरांना जोडल्या होत्या. सरांनी नकाशा पाहिला.

“अगं, ही पिन तुला एक आणि शून्य वाटते. माझ्यासाठी ते व्होल्टेज आहे. आत तुझी हजारो रजिस्टरं एकदम हलतात ना? तो सगळा धक्का या पिनेवर येणार.”

“मग सर, काय करायचं?”

“तुझ्या चिपला हिशेब करू दे. व्होल्टेज तिला देऊ देऊ नकोस.”

त्यांनी मध्ये साध्या फ्लिप-फ्लॉप चिपांची एक रांग घातली, तिला वेगळ्या स्वच्छ रेग्युलेटरचा पुरवठा दिला, आणि क्लॉकचे ऑसिलेटर एफपीजीएजवळून उचलून या रांगेच्या अगदी शेजारी आणले. ऑसिलेटर दोन लागतात : सीडीच्या घराण्यासाठी २२.५७९२ मेगाहर्ट्झ आणि ४८ किलोहर्ट्झच्या घराण्यासाठी २४.५७६ मेगाहर्ट्झ. एफपीजीएने आकडा केव्हाही तयार ठेवावा. तो बाहेर पडण्याचा क्षण ऑसिलेटरच ठरवणार. हा क्षण किती नेमका हवा? २० किलोहर्ट्झची पूर्ण ताकदीची लहर १६ बिटांच्या अर्ध्या पायरीपेक्षा जास्त चुकू नये असं म्हटलं, तर क्लॉकची चूक सुमारे १२१ पिकोसेकंदांच्या आत लागते. तेवढ्या वेळात प्रकाशसुद्धा साडेतीन सेंटिमीटरच्या थोडाच पुढे जातो. सरांचा बोर्ड आला आणि मापनाच्या आलेखावरचं काट्यांचं रान एकदम विरळ झालं. तिच्या व्हेरिलॉगमधली एकही ओळ बदललेली नव्हती.

ऐकण्याच्या चाचणीसाठी त्यांनी तानपुऱ्याचं २४ बिटांचं ध्वनिमुद्रण वापरलं. तानपुरा मिरजेचा. मिरजेच्या सतार-तानपुऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण वादकांना त्यांचा लौकिक कितीतरी आधीपासून ठाऊक आहे. डॅक तपासायला या वाद्याइतकं कठोर दुसरं काही क्वचितच असेल. जवारीमुळे, म्हणजे घोडीच्या खास उतारामुळे, एका तारेतून वरच्या स्वरांची रांगच्या रांग उमलते आणि मग ती हळूहळू, प्रत्येक स्वर आपापल्या गतीने, खरखरीच्या पातळीपर्यंत उतरत जाते. खालचे बिट कुठेही अडखळले तर त्या उतरणीत ते कळतं. आवाजाची पातळी काटेकोर सारखी करून आणि कोणती मांडणी चालू आहे हे ऐकणाऱ्याला न सांगता त्यांनी तुलना केली. डिदर असलेली आणि नसलेली मांडणी सगळ्यांनी सहज ओळखली. क्लॉकच्या दोन मांडण्या काहींनी ओळखल्या. फिल्टर १,०२४ टॅपांचा की त्याच्या चौपट लांबीचा, हे त्या खोलीत कोणालाही खात्रीने सांगता आलं नाही.

यावरून वॉट्स यांचं म्हणणं खोटं ठरत नाही; त्यांचा फिल्टर, त्यांचे गुणक आणि त्यांची यंत्रं वेगळी आहेत. पण खोक्यावर छापलेली टॅपांची संख्या हीच आवाजाची प्रत, असं जे विकलं जातं ते मान्य करण्यासारखं नाही. ‘आमच्यात एफपीजीए आहे’ या जाहिरातीतूनही गिऱ्हाइकाला काही कळत नाही. काही यंत्रांत एफपीजीए फक्त इनपुट निवडण्याचं आणि डाटा पुढे ढकलण्याचं काम करते, आणि आवाज शेजारच्या तयार चिपमधूनच निघतो. विचारायचा प्रश्न हा, की आत काय लिहिलं आहे आणि त्याच्या पुढचं ॲनालॉग कोणी केलं आहे.

एफपीजीएचा निर्विवाद फायदा यंत्र विकल्यानंतर दिसतो. कोलोराडोमधल्या बोल्डर गावच्या पीएस ऑडिओ कंपनीने २०१४ मध्ये ‘डायरेक्टस्ट्रीम’ हा डॅक आणला. टेड स्मिथ यांच्या या डिझाइनमध्ये तयार डॅक चिप नाहीच. येणारा प्रत्येक सिग्नल एफपीजीए एक-बिटी प्रवाहात बदलते. पुढची काही वर्षं स्मिथ आतलं लेखन सुधारत राहिले आणि कंपनी ते मोफत देत राहिली. प्रत्येक आवृत्तीला कोलोराडोतल्या १४,००० फुटांहून उंच शिखरांची नावं : पाइक्स पीक, टोरीज, ह्युरॉन, रेडक्लाउड, स्नोमास. ज्याने यंत्र विकत घेतलं होतं त्याच्या घरात तेच खोकं राहिलं आणि आतलं सर्किट नवं झालं. पुण्याच्या यंत्रातही असाच प्रसंग आला. कोल्हापूरच्या एका स्टुडिओत नमुन्यांचा दर बदलताना स्पीकरमधून ‘टप्’ असा आवाज येत होता. यंत्र परत मागवावं लागलं नाही. तिने दर बदलण्याआधी आवाज अलगद शून्यावर नेणारा भाग जोडला, फाइल मेलने पाठवली, आणि काम झालं.

अर्थात हा मार्ग सगळ्यांसाठी नाही. एफपीजीए तयार डॅक चिपपेक्षा महाग पडते, जास्त वीज खाते, तापते. मोबाइलला लावायच्या स्वस्त डोंगलमध्ये तिला काही काम नाही. आणि टंचाईपासूनही ती मुक्त नाही. २०२१ मध्ये जगभर चिपांचा तुटवडा पडला तेव्हा एफपीजीएही महिनोन्महिने मिळेनात. तरी नोबेओकाच्या आगीनंतरची आणि या वेळची अडचण यांत एक मोठा फरक होता. या वेळी डिझाइन कंपनीच्या स्वतःच्या हातात होतं. अभियंतीने ते लॅटिसच्या ईसीपी-५ या वेगळ्या घराण्याच्या एफपीजीएवर नेलं. तिथली गुणाकार-यंत्रं १८ गुणिले १८ बिटांची, म्हणून आता आवाजाचेही तुकडे करावे लागले. बाकीचं बहुतेक लेखन तसंच चाललं, आणि सरांचं ॲनालॉग तर जागचं हललंही नाही.

आता ती अधूनमधून अभियांत्रिकी महाविद्यालयांत व्याख्यानांना जाते. बहुतेक प्रयोगशाळांत एफपीजीएचे बोर्ड आहेत, आणि त्यांवर वर्षानुवर्षं काउंटर, एएलयू आणि ट्रॅफिक सिग्नल हेच प्रयोग होतात. तिची विभागप्रमुखांना विनंती साधी आहे : या यादीत एक डॅक घाला. पहिल्या पायरीचा सिग्मा-डेल्टा व्हेरिलॉगच्या मोजक्या ओळींत लिहिता येतो. बाहेर एक पिन, १ किलोओहमचा एक रेझिस्टर, १० नॅनोफॅरडचा एक कपॅसिटर. हा फिल्टर सुमारे १६ किलोहर्ट्झवर कापतो. पुढे संगणकाचे साधे ॲम्प्लिफायरवाले स्पीकर लावा. खर्च चहाच्या बिलाइतकाही येत नाही, आणि विद्यार्थ्याला स्वतः लिहिलेल्या सर्किटमधून गाणं ऐकू येतं. बोर्ड कपाटात आधीच आहेत. येत्या सत्रात हा प्रयोग सुरू करा.